गणपतीत नको, आधी दहा फुंका

बाळा,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला, पण दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर नीट बसून लिहितोय. हर्नियाचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले, टाके सुकले, चालतोयस, जिना चढतोयस, आणि आता गणपतीत तालमीच्या मांडवात अर्धा तास बासरी वाजवू का म्हणून विचारतोयस.

नको. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. मंडळाच्या पोरांशी पाहिजे तर मी बोलतो, आपलीच पोरं आहेत, समजून घेतील. नवरात्रात बघू, आणि तेही तुझे डॉक्टर हो म्हणाले तर.

आता का नको ते सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं की तू ऐकशील पण आतनं जळत राहशील. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतली एक जागा कमजोर झाली आणि आतलं बाहेर डोकवायला लागलं, तिथं डॉक्टरांनी जाळी बसवली. पण जाळी बसवली म्हणजे काम संपलं असं नसतं रे, पुढचे कित्येक आठवडे तुझं स्वतःचं मांस त्या जाळीच्या भोकांतनं वाढत जातं, गुंतत जातं, आणि मग ती भिंत पक्की होते. सुकलेले दिसतात ते कातडीचे टाके. आतलं विणकाम अजून चाललंय, ते तुला दिसत नाही आणि दुखत पण नाही फारसं, म्हणून तर माणूस फसतो. बहुतेक डॉक्टर चार ते सहा आठवडे जड उचलू नको म्हणतात ते याच्यासाठीच. वजन उचलताना पोटात जो दाब येतो तोच खोकताना येतो, संडासला जोर करताना येतो, आणि दम धरून फुंकताना पण येतो.

तू म्हणशील काका, बासरीला कुठं एवढा जोर लागतो. तुझं अर्धं बरोबर आहे. सनईत पत्तीच्या बारीक फटीतनं हवा ढकलायची असते, गाल, छाती, पोट सगळं कोंडून धरावं लागतं. बासरीत ओठांपुढं काही आडवंच नाही, फुंक मोकळी सुटते आणि भोकाच्या कडेवर फुटते. म्हणून बासरीला दाब कमी लागतो पण हवा मात्र भरपूर लागते, त्यात तुझी पांढरी तीनची मोठी बासरी. पोट कुठं कसतं माहितीय का, एक म्हणजे तार सप्तकात, तिथं फुंक बारीक आणि वेगात लागते, आणि दुसरं म्हणजे लांब सुराच्या शेवटाला, जिथं हवा संपत आलेली असते आणि सूर सोडवत नाही. तिथं आपण नकळत खालचं पोट आत खेचतो. ते तुला मीच शिकवलंय, सूर शेवटच्या थेंबापर्यंत धर म्हणून. आता काही दिवस मीच सांगतोय, सोड.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. मला पण हेच ऑपरेशन झालंय, तू जन्मला नव्हतास तेव्हा. त्या वेळी मी लग्नात सनई वाजवायचो, सीझन चालू होता, सुपारी आधीच घेतलेली, आणि अकराव्या दिवशी मी कार्यालयात जाऊन बसलो. घरात कुणाचं ऐकलं नाही. अंतरपाट धरायच्या आधी अर्धा तास वाजवलं आणि मग जांघेत अशी कळ आली की सनई खाली ठेवून भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि समोर लोक अक्षता हातात घेऊन उभे. पुढच्या वर्षी त्याच जागी परत फुगवटा आला, परत ऑपरेशन. त्या दिवसामुळंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, दुसरी कारणं पण असू शकतात म्हणाले, पण मला आजपर्यंत तो अर्धा तास विसरता आलेला नाही. सनई मी त्यानंतर हळूहळू सोडली. तुझी बासरी सुटू नये एवढंच मला वाटतंय.

आता काय करायचं ते. पुढच्या भेटीला जाशील तेव्हा बासरी बरोबर घेऊन जा. हसू नकोस, खरंच ने, आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर एक सूर वाजवून दाखव, मोठा श्वास कसा घेतोस, पोट कुठं हलतं ते बघू दे त्यांना. 'वाद्य वाजवू का' असं नुसतं विचारलंस तर त्यांच्या डोळ्यासमोर काय येईल कुणाला ठाऊक, पेटी येईल नाहीतर तबला येईल. बघितल्यावर ते सांगतील ते खरं, माझं नाही.

तोपर्यंत बोटांचा रियाज कर, फुंक न घालता. तुझं मध्यमावरनं पंचमावर जाणं अजून कच्चं आहे, मागच्या महिन्यात पण बोललो होतो मी. मध्यमाला वरचं एक भोक अर्धं झाकलेलं आणि पंचमाला सहाच्या सहा बंद, म्हणजे सगळी बोटं एकदम पडायला पाहिजेत, तुझी अनामिका मागनं येते. फुंकलं की तो दोष आवाजात लपतो. न फुंकता कर, बोटं बांबूवर पडल्याचा टप असा एकच आवाज आला पाहिजे, टपटप असे दोन आले की समजायचं एक बोट मागं राहिलं. खोली शांत ठेव, पंखा बंद कर आणि हे रोज पंधरा मिनिटं ऐक. मला वाटतं तुझ्या वाजवण्यातली सगळ्यात जुनी अडचण याच महिन्यात सुटेल, चालू रियाजात तुला तिच्यासाठी थांबायला कधी वेळच मिळाला नसता.

हॉस्पिटलातनं तुला ते श्वासाच्या व्यायामाचं, तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय म्हणालास. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो, हे आधी बघ, आमच्या शेजारचे एक गृहस्थ आठवडाभर उलटं वापरत होते. त्याच्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, आणि प्रत्येकाला वाटतं तिन्ही गोळ्या फटकन वर गेल्या म्हणजे फुप्फुस झकास. तू तसं करू नकोस. एकच गोळी वर ने आणि न थरथरता तिथंच धर. अरे, षड्ज लावताना आपण दुसरं काय करतो.

डॉक्टर हो म्हणाले की मग दहा फुंका. मिनिटं मोजायची नाहीत, घड्याळ लावलंस की तू ते पुरं करायला बघशील, तुझा स्वभाव मला माहिती आहे. खुर्चीवर बसायचं, मांडी घालायची नाही, मांडीत जांघ दुमडते आणि पोट वर दाबलं जातं, पाय जमिनीवर सपाट टेकवून बस. तानपुरा ॲपवर लाव. वरची तीन भोकं झाकून मध्य सप्तकातला षड्ज, श्वास सावकाश घ्यायचा, सूर लावायचा, आणि निम्मी हवा शिल्लक असताना सोडून द्यायचा. मग एक-दोन साधे श्वास, मग दुसरी फुंक. दहा झाल्या की बासरी खाली, कितीही छान लागला असेल तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर बघायचं, ओढ नाही, जडपणा नाही, तर पंधरा. काही वाटलं तर परत दहावर, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. तार सप्तक, गमक, जोराच्या ताना हे सगळं सगळ्यात शेवटी. आणि एक लक्षात ठेव, दुखायची गोळी घेऊन रियाजाला बसायचं नाही. दुखणं तुला काहीतरी सांगत असतं, गोळी त्याचं तोंड बंद करते. फुगवटा दिसला, ताप आला, जागा लाल झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर मला मेसेज करत बसू नकोस, सरळ डॉक्टरांना फोन कर.

बाकी बारीकसारीक: पेटी उचलायची नाही, क्लासमधली पण नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. पाणी पी, भाज्या खा, पोट साफ राहिलं पाहिजे, तांबडा-पांढरा थोडे दिवस बेतानं. खोकला आला तर टाक्यांवर हात नाहीतर उशी धरून खोकायचं. गाडी घेऊन खड्ड्यातनं रंकाळ्याला चक्कर नको, चालत जा. आणि बासरी या पावसाळी हवेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नकोस, बुरशी धरते, सुती कापडात ठेव, आतनं बदाम तेलाचा अगदी पुसट हात फिरव.

तू लिहिलंयस की सगळं शून्यावरनं सुरू करायचं म्हटल्यावर रडू येतंय. मी त्याच्यावर बराच वेळ विचार करत होतो. हरिप्रसाद चौरसियांचे वडील पैलवान, त्यांनाही लहानपणी आखाड्यात घातलं होतं, हे आपल्या कोल्हापूरच्या माणसाला लगेच कळतं. पुढं ते रेडिओवर नोकरी करत होते, फिल्ममध्ये वाजवत होते, नाव झालं होतं, आणि तरी अन्नपूर्णादेवींकडं शिकायला गेल्यावर त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडं. म्हणजे बोटांना येत होतं ते सगळं पुसून टाकलं. त्यांना कुणी ऑपरेशन सांगितलं नव्हतं. आणि आपल्या गावातलं बघ, अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात यायच्या आधी कधीतरी एका दरबारात गाऊन गाऊन त्यांचा आवाजच गेला होता. परत आला तो पहिला आवाज नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली, आणि आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून जी ऐकतो ती तीच. त्यांच्याएवढं कुणी तुझ्याकडनं मागत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की आधीचा सूर शोधत बसू नकोस, पहिल्या दिवशी जो लागेल तो नीट ऐक. कदाचित तो थोडा हलका असेल, मला तर तुझी फुंक नेहमी थोडी जास्तच वाटायची.

आपल्या इथं तालीम म्हटलं की एकाला लाल माती आठवते आणि दुसऱ्याला गुरूसमोरची बैठक. गुडघा दुखावलेला पैलवान तालमीत परत येतो तेव्हा वस्ताद त्याला पहिल्या दिवशी जोडीला उभा करत नाही. माती उकरायला सांगतो, दुसऱ्यांना बघत बसायला सांगतो, आणि तो पोरगा चिडतो, पण येत राहतो. तू पण येत राहा.

गणपतीत मांडवात ये, माझ्या शेजारी खुर्चीवर बस आणि ऐक. कुणी विचारलं का वाजवत नाहीस तर सरळ सांग, ऑपरेशन झालंय.

डॉक्टरांची भेट झाली की त्याच्या नंतरच्या रविवारी सकाळी नऊला घरी ये. रिक्षानं ये. खिडकीजवळची लाकडी खुर्ची काढून ठेवतो, तानपुरा मी जुळवून ठेवतो, आणि तुझ्या दहा फुंका मी बोटांवर मोजणार आहे, अकरावी वाजवू देणार नाही. मग काकू पोहे करेल.

तुझा
काका