"गॅस बंद केलास ना?" याला किती वेळा हो म्हणायचं?

प्रश्न : मिस्टरांना दोन वर्षांपासून सगळं तपासत बसायचा त्रास आहे, गॅस, कुलूप, इस्त्री. झोपताना विचारतात गॅस बंद केलास ना, मी हो म्हणते, पाच मिनिटांनी परत तेच. हल्ली मी मोबाईलवर फोटो काढून दाखवते तर म्हणतात हा आजचाच ना? डॉक्टरांनी ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तेच तेच करत राहणं) सांगितलंय, गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले पण फरक शून्य. मी चिडले की ते रडवेले होतात. मी नेमकं काय करू?

उत्तर : ताई, तो "आजचाच ना?" वाचून पोटात तुटलं, पण आजार कसा चालतो ते त्यातच दिसतं बघा. गॅस बंद आहे हे त्यांना बहुतेक माहीत असतं, पण "पण समजा नसला तर?" हे काही केल्या जात नाही. मग तपासायचं, जिवाला दोन मिनिटं बरं वाटतं, आणि मेंदू धडा घेतो की तपासलं म्हणून वाचलो, म्हणजे पुढच्या वेळी शंका आणखी जोरात. आणि (राग मानू नका) तुमचं "हो" आणि तो फोटो हेसुद्धा तपासणंच, फक्त तुमच्या हातून झालेलं.

व्हॅन डेन हाउट आणि किंट या दोन डच संशोधकांनी 2003 मध्ये एक मस्त प्रयोग छापला होता. हा आजार नसलेल्या लोकांना त्यांनी कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी काय बघितलं ते लोकांना बरोबर आठवत होतं, पण त्या आठवणीवरचा भरवसाच उडाला होता. म्हणजे जितकं तपासाल तितकं डोक्यात धूसर होत जातं.

यावरची थेरपी म्हणजे ईआरपी, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, 1966 पासूनची आहे. भीतीला सामोरं जायचं पण तपासायचं नाही. सुरुवात सोप्यापासून, समजा इस्त्री. प्लग एकदा काढायचा, खोलीबाहेर यायचं, मागे वळायचं नाही. छातीत धडधडेल, हात शिवशिवतील, "एकदाच बघून येतो" असं वाटेल, तरी बसून राहायचं. बहुतेक वेळा घालमेल हळूहळू उतरते, आणि एखाद्या दिवशी नाही उतरली तरी ती सहन होते हे कळतं. इस्त्री जमली की कुलूप, गॅस सगळ्यात शेवटी. हे शक्यतो ईआरपी येणाऱ्या थेरपिस्टकडेच करा, नुसत्या गप्पांच्या काउन्सेलिंगने यात फारसं हाती लागत नाही.

तुम्ही उद्यापासून एकदम तोंड बंद करू नका, तो त्यांना दगाफटका वाटेल. दिवसा, दोघं शांत असताना ठरवा की रात्री एकदाच उत्तर, त्यानंतर "हा प्रश्न आजार विचारतोय, मी तुमच्याजवळ बसते" एवढंच. पहिले काही दिवस ते जास्तच विचारतील, तयारी ठेवा. आणि फोटो आधी बंद करा.

गोळीचं म्हणाल तर तीन आठवडे म्हणजे काहीच नाही. ओसीडीत पुरेशा डोसवर 8 ते 12 आठवडे थांबावं लागतं, डोसही डिप्रेशनपेक्षा बरेचदा जास्त लागतो. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन ही नेहमीची नावं, त्यांनी नाही भागलं तर क्लोमिप्रामिन. बरं वाटलं की मनाने सोडू नका, साधारण वर्षभर तरी चालू ठेवतात.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. सुरी हातात घेतली की याला लागेल, मीच काही करीन असे विचार येतात. सगळ्या सुऱ्या कपाटात ठेवल्यात. मी राक्षसीण आहे का?

उत्तर : नाही गं. असे नको ते विचार धडधाकट माणसांनाही येतात, हे राचमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी 1978 सालीच दाखवलंय. तुला त्यांची किळस येतेय, भीती वाटतेय, ही ओसीडीची खूण वाटते. सुऱ्या लपवणं म्हणजे वरच्या ताईंचा फोटोच. सायकियाट्रिस्टला हेच शब्द जसेच्या तसे सांग, त्यांनी हे पुष्कळदा ऐकलेलं असतं, आणि दूध पाजत असशील तर तेही सांग, औषध त्याप्रमाणे निवडतात. मात्र आवाज ऐकू येत असतील, हे करणं बरोबरच आहे असं वाटायला लागलं किंवा जगणं नको झालं तर थांबू नकोस, घरच्यांना सांग, बाळाला त्यांच्याकडे दे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.