‘पूर्ववर्ती’ म्हणजे ‘माजी’ नव्हे

भाची नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात नुकतीच रुजू झाली. परवा तिने विचारलं, “मामा, आमचे आधीचे साहेब बदली होऊन अमरावतीला गेले. पत्रात त्यांना ‘माजी अधिकारी’ लिहू की ‘पूर्ववर्ती’? दोन्ही एकच ना?”

एकच नाहीत, आणि इथे तर फरक पडतोच. ‘माजी’ मूळचा अरबी. अर्थ सरलेला, होऊन गेलेला. माजी आमदार, माजी विद्यार्थी म्हटलं की ते पद, ती अवस्था त्या माणसापुरती संपली एवढंच कळतं. त्याच्या जागी कोण आलं, याच्याशी ‘माजी’ला देणंघेणं नाही. साहेब अजून नोकरीत आहेत. ‘माजी अधिकारी’ वाचून ते निवृत्त झाले असंच वाटेल.

‘पूर्ववर्ती’ला मात्र मागून येणारा कोणीतरी लागतो. त्यातला ‘वर्ती’ वृत् म्हणजे असणे या धातूचा. मध्यवर्ती, सीमावर्ती यांतला तोच. पूर्ववर्ती म्हणजे आधी असलेला. कोणाच्या आधी, हे संदर्भातून कळलंच पाहिजे. आपल्या शहराचंच घ्या. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. नुसतं ‘माजी राजधानी’ म्हटलं तरी चालतं. ‘पूर्ववर्ती’ म्हणायचं तर भोपाळ समोर ठेवावं लागतं.

यातला ‘पूर्व’ मला फार आवडतो. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा. समोरची ती पूर्व, पाठीमागची ती पश्चिम (‘पश्चात’ हा तिचाच सगा), उजव्या हाताची दक्षिण. पुढचं ते पहिलं, म्हणून दिशा दाखवणारा शब्दच काळही दाखवू लागला. ‘पूर्व नागपूर’ आणि ‘स्वातंत्र्यपूर्व’ यांतला ‘पूर्व’ एकच आहे. फक्त ठिकाणाच्या नावाआधी आला की बहुधा दिशा, शब्दाच्या शेवटी लागला की बहुधा काळ.

‘पूर्वसूरी’ इथे नको. सूरी म्हणजे विद्वान. तो शब्द ज्ञानाच्या, कलेच्या परंपरेतल्या थोरांसाठी राखून ठेवावा.

बोलताना तर आपण ‘याच्या पयलेचे साहेब’ म्हणतो आणि कोणाचंही अडत नाही. पत्र सामान्य नागरिकाला जाणार होतं, म्हणून भाचीला मी ‘पूर्ववर्ती’ही खोडायला लावलं. वाक्य झालं: ‘याआधीच्या अधिकाऱ्यांनी आपला अर्ज मंजूर केला होता.’