भाड्याच्या फ्लॅटमधून खरंच किती सुटतात, हे कसं मोजायचं?

पुण्यातले दोन फ्लॅट भाड्याने दिलेत, दर महिन्याला पैसेही येतात, पण गुंतवणूक म्हणून ते परवडतायत का हे कळत नाही, असं तुम्ही विचारलंय. मलाही बरीच वर्षं कळत नव्हतं. धायरीतल्या माझ्या टू-बीएचकेचं भाडं 18,000, म्हणजे वर्षाचे 2,16,000, असं मी धरून चाललो होतो.

मग एका आर्थिक वर्षाच्या सगळ्या पावत्या काढून बसलो. महिनाभर घर रिकामं होतं, त्यामुळे हातात आले 1,98,000. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 30,000, महापालिकेचा मिळकतकर 14,000, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) 2,400, एजंटला एका महिन्याचं भाडं 18,000 आणि नळ, गिझर, रंगकाम मिळून 12,000 गेले. उरले 1,21,600. तसल्या फ्लॅटला आज साधारण 60 लाख येतात, म्हणजे परतावा जेमतेम दोन टक्के. मी तो 38 लाखांना घेतला होता. त्यावर काढला तर 3.2 टक्के दिसतो, पण आज विकून 60 लाख दुसरीकडे गुंतवता येतात, म्हणून भागायचं आजच्याच किमतीने. किंमत वाढली तो फायदा वेगळ्या रकान्यात लिहा, भाड्यात मिसळू नका.

दोन्ही फ्लॅटची एक्सेलमध्ये वेगवेगळी शीट करा आणि भाड्यासाठी बँकेत स्वतंत्र खातं ठेवा. पैसे ज्या तारखेला आले-गेले त्याच तारखेला नोंद. डिपॉझिट ही मिळकत नाही, ते परत करायचंय. त्यावरचं व्याज मात्र मिळकतीत धरा. कर्ज असेल तर हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात टाका, मुद्दल नाही.

मिळकतकराचं बिल नीट बघा. पुणे महापालिकेची 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्याला असते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सोसायटीला मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, तेही तपासा.

प्राप्तिकराचा हिशेब मात्र निराळा ठेवा. तिथे मालकाने त्या वर्षी भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, तुमचा प्रत्यक्ष खर्च कितीही असो. दलाली आणि दुरुस्ती वेगळी दाखवता येत नाही. रिटर्नमधला आकडा हाच आपला नफा असं समजून मी दोन वर्षं फसलो.

या शीटमुळे मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. भाडेकरू बदलला की रिकामा महिना आणि दलाली मिळून 36,000 जातात, वर रंगकाम. गेल्या खेपेला भाडेकरूने वाढ न करण्याची विनंती केली. दरमहा 1,000 वाढवले असते तर वर्षाला 12,000 मिळाले असते. मी त्याच भाड्यावर करार पुन्हा नोंदवून घेतला. तो अजून तिथेच राहतोय.