स्पॅनिशमध्ये भेटताना काय म्हणायचं, निघताना काय

ताई, लेकीला मास्टर्ससाठी सोडायला सप्टेंबरमध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला चालला आहात आणि नमस्कार-निरोपापुरतं स्पॅनिश हवंय, असं विचारलंत. चाळीस वाक्यांचे तक्ते पाठ करत बसू नका. पंधरा दिवसांना मोजके शब्द पुरतात, फक्त कुठला कधी वापरायचा ते नीट कळलं पाहिजे.

'ओला' कुणालाही, केव्हाही चालतं. लिहिताना सुरुवातीला एच असतो, पण त्याचा उच्चार करत नाहीत. दुकानात, बँकेत किंवा वयस्कर माणसांशी मात्र वेळेचा नमस्कार बरा दिसतो: सकाळी 'बुएनोस दिआस', मग 'बुएनास तार्देस', अंधार पडल्यावर 'बुएनास नोचेस'. दिआस पुल्लिंगी म्हणून बुएनोस, बाकीचे दोन्ही स्त्रीलिंगी म्हणून बुएनास. त आणि द आपलेच, 'ताट' आणि 'दार'मधले. इंग्रजीच्या सवयीने 'टार्डेस' तेवढं करू नका.

खरी गंमत वेळेची आहे. स्पेनमध्ये दुपार घड्याळावर नाही, जेवणावर ठरते आणि जेवायला दोन-तीन वाजतात. त्यामुळे दीड वाजता बेकरीतली बाई 'बुएनोस दिआस' म्हणाली तर तिचं काही चुकलेलं नाही, ती अजून जेवलेली नाही एवढंच. तार्देस पुढे उजेड असेपर्यंत चालतं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्यच साडेआठच्या सुमारास मावळतो. 'बुएनास नोचेस' गुड नाइटसारखं फक्त निरोपाचं नाही, रात्री हॉटेलात शिरतानाही तेच म्हणायचं. अगदीच गोंधळ उडाला तर नुसतं 'बुएनास' म्हणा. तिथले लोकही दिवसभर तेच म्हणत असतात.

आणि म्हणायचं म्हणजे अनोळखी माणसांनाही. लिफ्टमध्ये कुणी असेल तर शिरताना 'बुएनास', बाहेर पडताना 'आस्ता लुएगो'. दवाखान्यात डॉक्टरची वाट बघत बसलेल्यांनाही तसंच. आपण मुंबई-पुण्यात लिफ्टचे आकडे बघत उभे राहतो, ते तिथे तुटकपणाचं वाटतं. 'आस्ता लुएगो' म्हणजे नंतर भेटू, पण पुन्हा भेटायचा काही संबंध नसला तरी दुकानदार तेच म्हणेल. घाईत फक्त 'ता लुएगो' ऐकू येईल. 'आदिओस' सगळ्यांना सिनेमांमुळे माहीत असतं आणि ते चूकही नाही, पण रोजच्या निरोपाला लुएगोच जास्त. उलट, रस्त्यात ओळखीचं कुणी समोरून आलं आणि थांबायला वेळ नसला, तर न थांबता 'आदिओस' म्हणून पुढे जातात. त्यात राग-रुसवा काही नसतो.

'के ताल?' म्हणजे कसं काय. उत्तर 'बिएन, इ तू?' एवढंच द्या, गुडघेदुखी सांगू नका. समोर वयस्कर घरमालकीण असेल तर तूऐवजी 'उस्तेद', म्हणजे आदराचं 'तुम्ही', म्हणा. ती स्वतः तुम्हाला तू म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका, स्पेनमध्ये लोक तूवर लवकर येतात. कोलंबियाच्या बोगोतात मात्र घरातल्या घरातसुद्धा उस्तेद चालतं. त्यामुळे लेकीची मैत्रीण तिथली निघाली तर तिचं बोलणं वेगळं वाटेल.

ओळख करून दिल्यावर तुम्ही 'एन्कान्तादा' (भेटून आनंद झाला) म्हणायचं, यजमान सोबत असतील तर त्यांनी 'एन्कान्तादो'. याच वेळी गालाला गाल लावण्याचा प्रकार होतो: दोन्ही बाजूंनी एकेकदा, ओठ टेकवायचे नसतात, नुसता आवाज. बायका-बायकांत आणि बाई-पुरुषांत हे चालतं, पुरुष एकमेकांशी बहुधा हात मिळवतात. नको वाटत असेल तर आधीच हसून हात पुढे करा, कुणी काही मनात धरत नाही.

व्हॅलेन्सियात तिथली स्वतःची भाषाही आहे, त्यामुळे कुणी 'बोन दिआ' म्हणालं तर ते चुकीचं स्पॅनिश नाही, व्हॅलेन्सियन आहे. तुम्ही खुशाल बुएनोस दिआसने उत्तर द्या.

लेकीला सांगा, घरमालकाला मेसेज करताना प्रश्नाच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह टाकलं तर उत्तम. स्पॅनिश राजअकादमीने ते 1754मध्ये नियमात आणलं. मित्रमैत्रिणींच्या चॅटमध्ये तिथली मुलंही ते गाळतात. आणि फोन लावल्यावर पलीकडून ओलाऐवजी 'दिगामे' आलं तर गडबडू नका, आपण फोन उचलून 'बोला' म्हणतो तसंच ते.