आईच्या घरात सेन्सर लावू का?

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलाय की आता फोनवरचा सूर ऐकूनच ओळखते. विचारणारा पुण्यात नाहीतर परदेशात. आई इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात एकटी. "विसरायला लागलीये हो, लावू का?" त्याला फक्त हो किंवा नाही ऐकायचं असतं. मी मात्र एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

काकू ७२ वर्षांच्या. बीपी, शुगर, आणि त्यांच्या आईलाही म्हातारपणी विस्मरण झालेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नाही, पण धोका आहे, लक्ष ठेवा. कॅनडातल्या मुलाने ते शब्दशः घेतलं. उत्तरायणाला आला तेव्हा दाराला, गादीखाली, बाथरूमबाहेर हालचाल टिपणारे सेन्सर बसवून गेला. काकूंच्या मनगटावर घड्याळ, ॲप त्याच्या फोनवर.

एप्रिलमध्ये दोघं माझ्याकडे सल्ल्याला आले, म्हणजे काकू समोर आणि तो व्हिडिओ कॉलवर. आई घड्याळ काढून डब्यात ठेवते, चिडते, फोन उचलत नाही. "हे डिमेन्शियाचंच ना?"

पहिल्या दोन भेटी तोच बोलला. तिसऱ्या वेळी जरा खुशीत होता. "एक मात्र सुधारलंय. रात्री तीन-तीनदा उठायची, आता एकदाही नाही. आलेख बघा ना."

मी आलेखाऐवजी काकूंकडे बघितलं. "झोप लागते का?" काही उत्तर नाही. खुर्ची त्यांच्या उजव्या कानाशी ओढून पुन्हा विचारलं.

"झोप कसली! पाचनंतर मी पाणीच पीत नाही. उठलं की याला तिकडे कळतं, लगेच फोन, आई, काय झालं? रात्री दोन वाजता काय सांगू याला, काय झालं ते?"

पडद्यावर तो नुसता बघत राहिला. मला आधी हसू आलं, मग पोटात गोळा. बडोद्याचा उन्हाळा, अंगात शुगर, आणि पाणी बंद! या वयात पाणी कमी पडलं, लघवीत इन्फेक्शन झालं, तर माणूस दोन दिवसांत भ्रमल्यासारखं वागू लागतं. असा बदल अचानक दिसला तर डिमेन्शिया म्हणून बसून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ॲप ज्याला सुधारणा म्हणत होतं तेच नवं दुखणं होतं.

मी घराकडे नात्यांचं जाळं म्हणून बघते. एकाची भीती दुसऱ्याच्या अंगावर निघते. म्हणून यंत्र काढायला मी सांगितलं नाही, फोन कोणाचा वाजायचा ते बदललं. बाथरूमला उठल्याचा इशारा बंद. अर्ध्या तासात गादीवर परतल्या नाहीत तरच वाजेल, तेही आधी शेजारच्या बेनकडे, कारण किल्ली तिच्याकडे. बीपी काकू स्वतः मोजून पाठवतील. आणि तो रोज फोन करेल, पण त्यात सेन्सरचा विषय नाही.

मग कान तपासले. डावा बराच गेलेला. फोन न उचलण्याचं अर्धं कारण तेच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण आवरता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या, त्यात बहिरेपण, बीपी, मधुमेह, एकटेपणा आहेत. सगळ्या आवरल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. यातलं एकटेपण कोणत्या सेन्सरने जायचं?

तेव्हा लावा, खुशाल लावा. पण आईला विचारून, आणि न्हाणीघरात किंवा झोपायच्या खोलीत कॅमेरा कदापि नको. वाजल्यावर धावणार कोण, हे आधी ठरवा. एका रात्रीवरून घाबरू नका. झोप, चाल, बाहेर पडणं हे काही आठवड्यांत बदलत गेलं तर नोंद डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील, ॲप नाही.

महिन्याने मुलगा पुन्हा पडद्यावर. "आई परत रात्री दोनदा उठायला लागलीये."

काकूंनी कानातलं नवं मशीन बोटाने नीट केलं. "उठणारच. पाणी पितेय."