झिंक 'जास्त' आलं म्हणून मी पण खूश झालो होतो

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. कारखान्याच्या नाल्यालगतचं रान, त्यात पालक, माती परीक्षणात झिंक (म्हणजे जस्त) 'जास्त' आणि खाली तुमचा प्रश्न, "म्हणजे जमीन चांगलीच ना?" मिरजेच्या पूर्वेला आमचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे, तिथला कागद अगदी असाच होता.

आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात झिंक कायम कमीच. एकदम जास्त कसं, म्हणून कार्यालयात विचारलं, तर "जस्ताचा मुलामा असलेल्या घमेल्याचं लागलं असेल." माती प्लास्टिकच्या बादलीत घेतली होती, तसं सांगितलं. "मग बरंच की, झिंक सल्फेटचे पैसे वाचले!" शिक्का मारून मोकळे. दोन हंगाम तो पालक मी बाजारात नेला, घरातही खाल्ला. नाल्याच्या वरच्या अंगाला पत्र्यांना जस्ताचा मुलामा देतात, हे रोज बघत होतो, पण डोक्यात आलं नाही. जस्ताच्या खनिजात कॅडमियम हा विषारी धातू सोबतच असतो. आणि आपल्या नेहमीच्या कागदावर कॅडमियम, शिसं हे रकानेच नसतात. ते वेगळं सांगून, पैसे भरून तपासावं लागतं. मातीसोबत पानंही द्या.

मी काही रसायनवाला नाही, वाचून-विचारून जे कळलं ते सांगतो. मूळ झिंक, लोह आत घ्यायला जी दारं वापरतं, त्याच दारांनी कॅडमियम घुसतं आणि पाण्याबरोबर पानापर्यंत चढतं. पालेभाजीत म्हणूनच जास्त साठतं. शिसं बहुतेक मुळातच अडकतं, पानावर सापडतं ते बऱ्याचदा धुळीचं, ते धुऊन बरंचसं जातं. कॅडमियम धुऊन जात नाही, शिजवूनही नाही.

आपल्या मातीचा सामू (pH) आठच्या आसपास, त्यामुळे धातू मातीला बऱ्यापैकी धरून राहतात. म्हणून सामू उतरवायला कुणी गंधक टाका म्हटलं, तर त्या तुकड्यात तरी टाकू नका (जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असेल तर आधी जाणकाराला विचारा). खारपड असेल तर जास्त जपा, क्लोराइडबरोबर कॅडमियम सुटं होतं. पीक केवड्यानं, म्हणजे लोह कमी पडून, पिवळं पडलं तर लोहाची फवारणी वेळेवर करा, कारण लोहाला भुकेलं मूळ ती दारं आणखी उघडतं. चिलेटेड खत (धातूला धरून पाण्यात विरघळतं ठेवणारं) मात्र तिथं मुळाशी ओतू नका. शिसं मातीतून उपसून काढायला मुद्दाम ईडीटीए हे असंच चिलेट वापरतात, यावरून समजा.

पावसाळ्यात पाण्याचा नमुना देऊन 'पाणी ठीक' असा कागदही मिळतो, त्यावर जाऊ नका. नाला भरून वाहतो तेव्हा सगळंच पातळ होतं. उन्हाळ्यातलं पाणी द्या, तळाचा गाळही द्या.

रिपोर्ट येईपर्यंत पालक, मेथी बंद, हे माझं मत. कुणाला टोकाचं वाटेल. आमच्या तुकड्यात आता झेंडू आहे, आणि घरचा पालक विहिरीजवळच्या दोन वाफ्यांत.