निघोजच्या रांजणखळग्यांचे फोटो काढायला कधी जावं?

दिवाळीनंतर ते मेपर्यंत कधीही जा. पावसाळ्यात इथली कुकडी नदी भरून वाहते आणि तिच्या पात्रातल्या खडकात कोरले गेलेले हे रांजणासारखे खळगे पाण्याखाली जातात, त्यामुळे तेव्हा गेलात तर पाहायचं तेच दिसणार नाही. पुण्याहून शिरूरमार्गे सकाळी लवकर निघा.

इथला खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरागरा फिरून तो कोरत गेले. एखाद्या कोरड्या खळग्यात वाकून बघा, तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून पडलेले दिसतील. माझ्या मते खरा फोटो तिथेच आहे, पण बहुतेक लोक पुलावरून एक क्लिक करून परततात.

काळ्या खडकामुळे कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. तिरप्या उन्हात कडांच्या सावल्या छान पडतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. चौकटीत एखादा माणूस असू द्या, नाहीतर खळगा वाटीएवढा की विहिरीएवढा हे कळत नाही.

कडेला जाऊन सेल्फी मात्र कृपा करून नको. खडक निसरडा आहे, खालचं पाणी खोल आहे. मळगंगेच्या देवळापाशी स्थानिकांना विचारूनच खाली उतरा.